दोर का कमी पडला?

दोस्तांनो, समजा तुम्ही बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटला राहता. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल गेलंय. आजोबा म्हणाले, "वीस हात दोर आण बरं!" तुम्ही आपल्याच हातानं मोजून आणलात आणि पोहरा अधांतरी लटकला! असं का झालं?

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. आजोबांचा हात ४५ सेंटिमीटर, तर वीस हात ९०० सेंटिमीटर. तुमचा ३५, तर वीस हात ७००. शंभरानं भागा : ९ मीटर आणि ७ मीटर. चक्क २ मीटरची तूट!

असा घोळ नको, म्हणून भारतानं १९५६ साली कायदा करून मीटर स्वीकारला. तो लहानथोर सगळ्यांना सारखाच!

आता पट्टी घ्या नि मोजा पाहू तुमचा हात!