जुना संगणक आणि त्याचे कान

आमच्या युनियनच्या कचेरीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात वर्गणीच्या पावतीपुस्तकांशेजारी साठ-सत्तर कॅसेटी कित्येक वर्षे पडून होत्या. द्वारसभांतील भाषणे, संपाच्या काळातील बैठका, आणि १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी पाया घातलेल्या शाहू मिलमधील म्हाताऱ्या कामगारांच्या आठवणी त्यांत आहेत. मिल बंद पडली. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक जण आज हयात नाहीत. हे आवाज संगणकात उतरवून ठेवावेत असे आम्ही ठरविले. संगणक होता एका सभासदाने दिलेला, विंडोज एक्सपीवर चालणारा. प्रश्न उरला साउंड कार्डाचा. त्यात आम्ही जे ठेचकाळत शिकलो, ते येथे मांडीत आहोत. कारण अशा कॅसेटी आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील.

साउंड कार्ड करते काय? कॅसेटमधून येणारा आवाज म्हणजे विजेची चढती-उतरती लहर. संगणकाला लहर कळत नाही, आकडे कळतात. कार्ड त्या लहरीचे पुन्हापुन्हा माप घेऊन आकडे लिहिते. सीडीच्या दर्जाला सेकंदात ४४,१०० मापे घेतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. एकेरी, म्हणजे मोनो, आवाजाच्या तासाभराला या हिशेबाने सुमारे ३१८ मेगाबाइट जागा लागते. माणसाच्या बोलण्याला एवढे पुष्कळ झाले. याहून बारीक मापाचे महागडे कार्ड घ्या म्हणून कोणी गळ घातली, तर लक्षात ठेवावे की कॅसेटची स्वतःची सळसळच त्या बारकाव्यांना झाकून टाकते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशासाठी?

पहिली गोष्ट, कार्ड मुळात हवे का हे पाहावे. १९८१ च्या आयबीएम पीसीत आवाजासाठी केवळ एक लहानसा स्पीकर होता. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड आले आणि वेगळे कार्ड बसविण्याची चाल रूढ झाली. पुढे १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ हे मानक ठरविल्यावर मदरबोर्डावरच आवाजाची सोय येऊ लागली. ती असल्यास कॅसेट न लावता मिनिटभर शांतताच मुद्रित करावी आणि कानाला हेडफोन लावून ऐकावी. माऊस हलविताना गुणगुण ऐकू आली नाही, तर पैसे खर्चूच नयेत.

दुसरी गोष्ट खाचेची. आपल्या उद्यमनगरात साचा एक आणि ओतकाम दुसरे असे कोणी करील काय? आम्ही केले! पेटी न उघडता कार्ड आणले. ते निघाले पीसीआय एक्सप्रेसचे, आणि आमच्या संगणकात होत्या जुन्या पीसीआय खाचा. त्याहून जुन्या यंत्रांत आयएसए खाचा असतात. या तिन्ही एकमेकींच्या जागी चालत नाहीत. तेव्हा आधी पेटी उघडावी, मग बाजार गाठावा.

तिसरी गोष्ट ड्रायव्हरची. कार्ड आणि विंडोज यांच्यामधला हा दुभाष्या. तो आपल्या विंडोजसाठी मिळत नसेल, तर कार्ड निरुपयोगी. साध्या यूएसबी साउंड कार्डांना एक्सपीत वेगळा ड्रायव्हर बहुधा लागत नाही, आणि पेटीबाहेर असल्याने ती आतल्या विजेच्या गुणगुणीपासूनही दूर राहतात. मात्र एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. असा संगणक इंटरनेटला जोडू नये. ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावरून आणावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: कार्डाला लाइन-इन आहे का? रंगांची पद्धत पाळणाऱ्या कार्डांवर ते छिद्र निळे, मायक्रोफोनचे गुलाबी आणि बाहेर जाणाऱ्या आवाजाचे हिरवे असते. मायक्रोफोनचे छिद्र क्षीण आवाज कित्येक पटींनी वाढविण्यासाठी असते. टेपरेकॉर्डरचा जोरकस आवाज तेथे दिला की तो फाटतो. पुष्कळ स्वस्त यूएसबी कार्डांवर केवळ मायक्रोफोनचेच छिद्र असते, हे घेण्यापूर्वी पाहून घ्यावे.

हे आम्हांस ठाऊक नव्हते. पहिल्या काही कॅसेटी आम्ही गुलाबी छिद्रातूनच उतरविल्या, आणि न ऐकताच पुढे गेलो. चूक कळल्यावर त्या पुन्हा लावल्या. त्यांतल्या एकीत मिलच्या साचेखात्यातील एक वृद्ध कामगार आपल्या पहिल्या पगाराची गोष्ट सांगतात. तिची फीत दुसऱ्या खेपेस तुटली, चुरगळली. जोडूनही मधला भाग गेला तो गेलाच. त्या भागाचा आज आमच्यापाशी आहे तो फाटका आवाजच.

कार्ड स्वस्त की महाग, याला फारसा अर्थ नाही. खाच, ड्रायव्हर आणि लाइन-इन ही तीन पाहावीत, एक बिनमहत्त्वाची कॅसेट उतरवून ऐकावी, आणि मगच मोलाच्या कॅसेटीला हात घालावा. कार्ड बदलून मिळेल. फीत दुसरी संधी देईलच असे नाही.