लाँचच्या पोटात

लाकडाला लोक निर्जीव म्हणतात. पण अपोलो बंदरावरून घारापुरीला निघालेल्या लाकडी लाँचमध्ये ज्याने तासभर काढला आहे, तो तसे म्हणायचा नाही. इंजिन सुरू झाले, की बाकापासून छपरापर्यंत सारे लाकूड एका सुरात बोलू लागते. मी राहणारा गिरगावचा, पेशा मराठी शिकवण्याचा. त्यामुळे मला या लाँचवर देखाव्याइतकाच शब्दांचाही मोह पडतो.

तिची मांडणी मोठी शहाणपणाची आहे. पुढे निमुळती नाळ. तिथेच नांगर आणि दोराची वेटोळी. मध्ये रुंद पोट आणि उतारूंची बाके. जड इंजिन फळ्यांखाली, तळाशी. अरुंद शिडीने वर गेले की मोकळा मजला आणि भरपूर वारा. मागे पाण्यात सुकाणू. जड ते खाली आणि हलके ते वर, असा हा हिशेब! हिवाळ्यात कुरव पक्षी घिरट्या घालू लागले, की वरची सारी मंडळी एकाच कठड्याकडे धावतात आणि खलाशी ओरडतो, "अहो, बसून घ्या!" ते उगीच नव्हे.

आता शब्द पाहा. 'सारंग' हा फारसी 'सरहंग'. 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'. 'लाँच' साहेबाचा वाटतो खरा, पण त्यानेही तो पोर्तुगीजांच्या 'लांचा'वरून उचललेला. फारसी 'लंगर' मात्र आपल्या शेतकऱ्याच्या नांगरात मिसळून गेला असावा. एवढ्याशा होडीत केवढी ही वस्ती!

आणि सागवानाचे आयुष्य? जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडातील हार्टलपूल येथे ती आजही तरंगते आहे.

परंतु चांगले लाकूड आणि चांगली मांडणी यांनाही मर्यादा असते. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच पाण्यात नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर जीवरक्षक जाकिटाची सक्ती झाली. "उकडते हो!" म्हणून भर समुद्रात ते काढून ठेवणारे सद्गृहस्थ तरीही भेटतातच. वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन घारापुरीला जरूर जा. पण जाकीट आधी, फोटो मागून. सुताराने आपले काम चोख केले आहे. उरलेले उतारूंनी करायचे.