एका मतानं काय होतंय? हे वाचा!

'माझ्या एका मतानं काय फरक पडतो?' असं म्हणणारा मित्र प्रत्येक कट्ट्यावर असतो. त्याला सी. पी. जोशींचं नाव सांगा. 2008 साली राजस्थानात काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष, मुख्यमंत्रिपदाचे दावेदार, आणि नाथद्वारात पडले ते एका मतानं! त्याआधी 2004 मध्ये कर्नाटकात संथेमरहळ्ळीचा निकाल लागला 40,752 विरुद्ध 40,751. आपल्याकडे 2024 ला मुंबई उत्तर-पश्चिममधून रवींद्र वायकर लोकसभेवर गेले, अवघ्या 48 मतांनी. तेवढी पोरं तर कॉलेजच्या एका वर्गात बसतात.

28 मार्च 1989 पर्यंत मताधिकार 21 व्या वर्षी मिळायचा. पदवी हातात पडली तरी मत नाही! 61 व्या घटनादुरुस्तीनं ती अट 18 वर आणली.

बोटावरच्या शाईचा तर थाटच वेगळा. 1962 पासून ती म्हैसूरच्या एकाच सरकारी कारखान्यात बनते. डाव्या हाताच्या तर्जनीवर, नखाच्या टोकापासून खाली रेघ ओढतात. लावताना जांभळी दिसते, उजेड लागला की काळपट होते. ही किमया सिल्व्हर नायट्रेटची. साबणानं घासा, लिंबू चोळा, नखावरची खूण नख वाढेल तशीच पुढे सरकते. सेल्फीला याहून झकास दागिना नाही!

पण शाई लागायला आधी यादीत नाव हवं. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच नोंदवलं होतं. त्यांच्या पणत्यांना आज मोबाइलवर नावनोंदणीचा नमुना 6 भरता येतो. पात्रतेच्या तारखाही आता चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाली की अर्ज आगाऊ देऊन ठेवता येतो.

आणि मतदानानंतर? यादीत नाव असलेला गावातला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. नळाचं पाणी, शाळेची गळकी खोली, घरकुलाची यादी, सगळ्याचा जाब तिथं उभं राहून विचारता येतो. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूकही लढवता येते.

ओळखपत्र खिशात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. यादीतलं नाव आजच तपासा, आणि त्या कट्ट्यावरच्या मित्राचंही!