हातांनी शिकायचा इतिहास

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या तालुक्यात गावोगावच्या अंगणांत किल्ले उभे राहतात. दगडविटांचा ढीग, त्यावर भिजवलेले गोणपाट, वरून चिखलाचा लेप, उतारावर पेरलेले अळीव किंवा मोहरी आणि माथ्यावर सिंहासनावर बसलेले महाराज. याला आपण मुलांचा खेळ म्हणतो. वस्तुतः इतिहास शिकण्याची एक उत्तम रीत मुलांनी कोणाच्याही उपदेशावाचून टिकवून धरली आहे. ही गोष्ट इतिहास हा विषय घेतलेल्या माझ्या ध्यानात यायला मात्र बराच वेळ लागला.

गेल्या दिवाळीत आमच्या गावच्या मुलांना मी विश्रामगडाची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराज जालन्याची मोहीम आटोपून परतत होते. संगमनेरजवळ मोगली फौजेने त्यांना गाठले. घनघोर लढाई झाली, सिधोजी निंबाळकर धारातीर्थी पडले. तेव्हा बहिर्जी नाईकांनी आडवाटांनी महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप आणले. महाराजांनी तेथे काही दिवस विश्रांती घेतली, म्हणून पट्ट्याचा विश्रामगड झाला. मी लढाई पुष्कळ रंगवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी सहज विचारले, "काल काय ऐकलंत?" घोडे, तलवारी आणि "हर हर महादेव" एवढेच शिल्लक होते. पट्ट्याचा डोंगर समोर दिसत असूनही तो या गोष्टीतला आहे, हे निम्म्या मुलांना उमगले नव्हते. गोष्ट कानातून शिरली आणि कानातूनच निघून गेली.

मग आम्ही अंगणात पट्टा किल्ला करायला घेतला. चिखल कालवता कालवता पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "ताई, एवढी माणसं वर राहिली, तर पाणी कुठनं प्यायची?" माझ्याजवळ लढाईची तारीख होती, पाण्याचे उत्तर नव्हते. ते दिले तिच्या आजीने. तरुणपणी गुरे घेऊन ती गडावर जात असे. कातळात खोदलेली टाकी कुठे आहेत आणि उन्हाळ्यात कोणत्या टाक्याला पाणी राहते, हे तिने काठीने मातीत रेघा ओढून दाखवले. मुलांनी किल्ल्यावर करवंट्या पुरून टाकी केली. मग प्रश्नांना तोटाच राहिला नाही. धान्य कुठे साठवत? एवढा कातळ कोणी फोडला? वर सरपण कोण नेई? आदल्या दिवशी माझ्या गोष्टीत फक्त राजा आणि शत्रू होते. आता पाथरवट आला, मोळीवाली आली, पहारेकरी आला. म्हणजे मुलांचे आजे-पणजे इतिहासात आले.

याचे कारण शोधताना मला ग्रंथालयात जॉन ड्यूई भेटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा तेथे त्यांना शिकवणारे हेच तत्त्वज्ञ. त्याआधी १८९६ मध्ये ड्यूईंनी शिकागो येथे एक प्रयोगशाळा-शाळा काढली होती. तिथली मुले आपल्या देशाचा इतिहास सनावळ्या घोकून शिकत नसत. ती लोकर पिंजत, सूत काढत, कापड विणत. एकदा त्यांना सरकीसह कापूस दिला. अर्धा तास खपून एक औंससुद्धा, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम रुई निघाली नाही. त्यांच्या पूर्वजांनी सुती कपड्यांऐवजी लोकरी कपडे का वापरले, हे मुलांच्या बोटांनीच त्यांना सांगितले.

हा प्रयोग मी आमच्याकडे केला. शेवगावकडच्या नातेवाइकांकडून पिशवीभर कापूस आणला, घड्याळ लावले आणि मुलांना सरकी काढायला बसवले. अर्ध्या तासात बोटे दुखू लागली आणि रुई जेमतेम ओंजळभर. मग अमेरिकेची गोष्ट सांगितली. १७९३ मध्ये एलाय व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. तारांचे दात बसवलेला रूळ फिरे, दात रुई ओढून घेत आणि फटीतून न जाणारी सरकी मागे राहून जाई. मी विचारले, "यंत्र आल्यावर मजुरांचे कष्ट कमी झाले असतील ना?" सगळे म्हणाले, हो. घडले मात्र उलटे. कापूस झटपट साफ होऊ लागला, म्हणून लागवड वाढली. ती वेचायला गुलाम हवे झाले. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये ते सुमारे ४० लाख झाले. दुखऱ्या बोटांकडे पाहत मुले गप्प बसली. माझ्या लढाईच्या वर्णनाने अशी शांतता पसरली नव्हती.

ही गोष्ट सातासमुद्रापारचीही राहत नाही. गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा आपल्याकडच्या कापसाचे भाव कडाडले आणि सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. सारा वाढलेला, कर्ज डोक्यावर. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. त्याला दुसरीही कारणे होती, पण हे एक मोठे कारण होते. आणि आपल्याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे त्याच्या किती आधी सावकार आणि इंग्रज सरकार या दोघांविरुद्ध उठले होते! २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. मूठभर सरकीपासून निघालेली मुले अशी आपल्या गावाच्या वेशीवर परत आली.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. किल्ला पूर्ण झाल्यावर एका मुलाने विचारले, "महाराज याच टाक्याचं पाणी प्यायले ना?" हो म्हणण्याचा मोह अनावर झाला होता. पण मी म्हटले, "महाराज गडावर आले, हे इतिहासात आहे. टाकी आपण डोळ्यांनी पाहतो. त्यांतलं कुठलं पाणी ते प्यायले, हा आपला तर्क." मुले मुळीच हिरमुसली नाहीत. उलट ती एकमेकांना दटावू लागली, "ए, हा तर्क आहे हं!" पुरावा आणि कल्पना यांतली रेघ मला महाविद्यालयात येऊन समजली, ती चिखल कालवताना दहाव्या वर्षीही समजू शकते.

कालाची जाण देण्यासाठी सुतळी पुरते. एका वितीला दहा वर्षे धरावीत. आजीचा जन्म, राघोजींची फाशी, महाराजांचे पट्ट्यावरचे वास्तव्य अशा गाठी माराव्यात. राघोजी आजपासून साधारण १८ विती दूर आहेत, विश्रामगडाचा प्रसंग ३५ विती. "फार फार वर्षांपूर्वी" या शब्दांना मग लांबी येते.

आपल्यापैकी कित्येक जण उद्या शिक्षक होतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांसाठी तर आपण खेड्यांत जातोच. तेथे एक संध्याकाळ मुलांसाठी राखावी. गोष्ट जरूर सांगावी, कारण गोष्टीशिवाय मुले जवळ येत नाहीत. पण गोष्ट संपली की त्यांच्या हातांत माती, कापूस किंवा सुतळी द्यावी, आणि गावातल्या एखाद्या आजीला शेजारी बसवावे. त्या मुलीने पाण्याबद्दल विचारले नसते, तर ती टाकी आजीबरोबरच विस्मरणात गेली असती. दिवाळी संपल्यावर पुढच्याच रविवारी आम्ही सगळे पट्ट्यावर गेलो. आजीने मातीत ओढलेल्या रेघा मुलांना पाठ होत्या. वाट तीच दाखवत होती आणि मी त्यांच्या मागून चालत होते.