हाली, कलदार आणि वेतनाचा तक्ता

निजामी अमलात १०० कलदार, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या, रुपयांना ११६ हून अधिक हाली, म्हणजे निजामाचे, रुपये मोजावे लागत. त्यामुळे औरंगाबादेतील दोन कारकुनांच्या दरमहा वेतनाचा आकडा एकच असला, तरी रुपया कोणत्या सरकारचा, यावर निर्वाह अवलंबून असे. चलन पुढे एक झाले. वेतनाविषयीच्या काही समजुती मात्र तेथील लष्करी छावणीत आणि शहरात अद्याप हातोहात खपतात.

गैरसमज : छावणीतील सरकारी चाकरी म्हणजे केंद्राचा पगार.
वस्तुस्थिती : लष्करी आस्थापनेतील मुलकी कर्मचारी केंद्राच्या श्रेणीत बसतो हे खरे, परंतु छावणी परिषद केंद्रीय कायद्याने स्थापिलेली असूनही तिच्या नोकरवर्गाचे वेतन राज्यातील समकक्ष पदांच्या धर्तीवर ठरविण्याचा प्रघात रूढ झाला. हे अंतर क्षुल्लक नव्हे. केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी राज्यातील कर्मचाऱ्यांनी १९७७–७८ मध्ये ५४ दिवस संप केला होता.

गैरसमज : वेतन आयोगच आकडा ठरवितो, सत्ताधाऱ्यांच्या विचाराचा त्यात संबंध नाही.
वस्तुस्थिती : आयोग शिफारस करतो, निर्णय मंत्रिमंडळाचा. केंद्राच्या सहाव्या आयोगाने सुचविलेले किमान वेतन ६,६६० रुपये २००८ मध्ये ७,००० करण्यात आले. सातव्याचे १८,००० मात्र, संघटना २६,००० मागत असताना, २०१६ मध्ये जसेच्या तसे मंजूर झाले.

गैरसमज : डावीकडे झुकलेले सरकार तफावत घटविते, उजवे वाढविते.
वस्तुस्थिती : सचिवाचे मूळ वेतन किमान वेतनाच्या, संयुक्त आघाडीने स्वीकारलेल्या पाचव्या आयोगाच्या श्रेणींत सुमारे १०.२ पट, काँग्रेसप्रणीत सरकारच्या सहाव्यात ११.४ पट आणि भाजपप्रणीत सरकारच्या सातव्यात १२.५ पट झाले. म्हणजे चढण भाजपच्या आधीच सुरू झाली होती. अंशदायी निवृत्तिवेतनही केंद्रात १ जानेवारी २००४ पासून वाजपेयी सरकारने आणले, तर महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून काँग्रेस आघाडीने.

गैरसमज : तक्त्यातील तफावत हीच सारी विषमता.
वस्तुस्थिती : तक्त्यातील शिपायाला निदान वार्षिक वेतनवाढ आणि महागाई भत्ता मिळतो, त्याच कचेरीत ठेकेदारामार्फत झाडलोट करणाऱ्याचे नावच तक्त्यात नसते. बाह्य यंत्रणेकडून पदे भरण्याचा राज्याचा २०२३ चा निर्णय तीव्र विरोधानंतर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रद्द झाला, तेव्हा या प्रथेचे जनकत्व प्रत्येक पक्ष दुसऱ्याच्या पदरी घालू लागला. सरकारची विचारसरणी श्रेणींच्या आकड्यांत थोडी आणि श्रेणीबाहेर कोणाला ठेवले यात अधिक दिसते; ती ज्याला जाणून घ्यावयाची असेल, त्याने वेतनाचा तक्ता उघडण्यापूर्वी हजेरीपट पाहावा.