जुन्या गाडीचा स्पार्क प्लग : नवा विकत घेण्याआधी जुना वाचायला शिका

आमच्या घरी वडिलांची १९९७ सालची मारुती ८०० आहे. कार्ब्युरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. लालबागच्या आमच्या गल्लीत ती जितकी चालते त्यापेक्षा जास्त उभी असते. गेल्या पावसाळ्यात ती सिग्नलला थरथरायला लागली. परळहून दादरकडे जाताना हिंदमाताजवळ दोनदा बंद पडली. मग पीयूसी काढायला गेलो तर हायड्रोकार्बनचा आकडा मर्यादेच्या बराच वर गेला आणि गाडी नापास झाली. ताडदेव आरटीओत रजिस्ट्रेशन पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यू करायचं होतं, ते अडकलं. एका गॅरेजवाल्याने ऐकून सांगितलं, "हेड खोलावं लागेल, पंधरा हजार धरा." बाबा रात्री जेवताना म्हणाले, "भंगारात देऊन टाकू." त्यांनी ते शांतपणे म्हटलं, म्हणून मला जास्त लागलं.

शेजारच्या काकांनी आयुष्यभर काळी-पिवळी पद्मिनी चालवली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी मुंबईची ओळख होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवलाच नोंदवली गेली आणि टॅक्सीसाठीची २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. काकांना मी सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "अरे, प्लग काढून बघितलास का? आधी बघ, मग हेडचं बोल."

प्लग नक्की करतो काय?

इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं. ते पेटवायला ठिणगी लागते, ती प्लग देतो. कॉइल बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून काही हजार व्होल्टवर नेते आणि तो करंट प्लगच्या टोकाच्या फटीतून उडी मारतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला १,५०० ठिणग्या टाकतो, म्हणजे सेकंदाला २५. यातल्या काही चुकल्या की त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता तसंच सायलेन्सरमधून बाहेर जातं. पीयूसीच्या मशीनला तेच हायड्रोकार्बन म्हणून दिसतं. म्हणजे माझी गाडी थरथरत होती आणि पीयूसीत नापास होत होती, ही दोन दुखणी नव्हती. एकच होतं.

काढताना

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग खोलला तर आटे खराब होतात, आणि ते दुरुस्त करणं प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट महाग. खोलण्याआधी मोबाइलने वरून एक फोटो काढा, कुठली वायर कुठे जाते ते त्यात दिसलं पाहिजे. प्लगच्या भोवती साचलेली धूळ फुंकून काढा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. वायर ओढू नका, टोपी धरून हळू फिरवत काढा. मग प्लग पाना. एक प्लग काढायचा, क्रमाने कागदावर ठेवायचा, खाली १, २, ३ लिहायचं. आता मोबाइल जवळ नेऊन प्रत्येकाच्या टोकाचा फोटो घ्या आणि झूम करून बघा. डोळ्यांना न दिसणारी चीरसुद्धा फोटोत दिसते.

टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर त्या सिलिंडरची तब्येत चांगली. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, किंवा एअर फिल्टर तुंबलाय, किंवा प्लग पुरेसा तापत नाही. ओला तेलकट काळा दिसला तर ऑइल वर येतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेत, आणि मग गॅरेजवाल्याचं हेड खोलण्याचं म्हणणं खरं असू शकतं. पांढरा, फोड आल्यासारखा असेल तर तो जास्त तापतोय; अशी गाडी तशीच पळवू नका.

माझ्या तीनपैकी दोन प्लग थोडे काळपट होते, चालण्यासारखे. दोन नंबरचा मात्र तव्यासारखा काळा. तेल नव्हतं, कोरडी काजळी. आणि मग मला ते दिसलं : तो प्लग वेगळ्याच कंपनीचा होता.

नंबरचा घोळ

हा भाग नीट वाचा. प्रत्येक प्लगला हीट रेंज असते, म्हणजे तो आपली उष्णता हेडला किती लवकर देतो ते. टोकाचं तापमान साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं पाहिजे. खाली गेलं तर काजळी जळून जात नाही, वर गेलं तर टोक इतकं लाल होतं की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. उष्णता पटकन देणारा तो थंड प्लग, धरून ठेवणारा तो गरम प्लग.

गंमत अशी की कंपन्यांचे आकडे उलटे चालतात. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. एनजीकेचा ६ हा ढोबळमानाने बॉशच्या ७ च्या बरोबरीचा. आता कुणी आकड्याला आकडा जुळवून ७ च्या जागी दुसऱ्या कंपनीचा ७ बसवला, तर तो प्लग गरजेपेक्षा थंड पडतो. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. दोन्हींवर आकडा एकच, पण स्वभाव वेगळा. त्यात आमची गाडी लालबाग ते दादर, दादर ते लालबाग. एवढ्याशा अंतरात आणि ट्रॅफिकमध्ये तो बिचारा कधी तापलाच नाही.

बाकीची अक्षरंही समजून घ्या. उदाहरणार्थ एनजीकेचा बी-पी-आर-६-ई-एस. बी म्हणजे १४ मिमी आटे, पी म्हणजे टोक थोडं पुढे आलेलं, आर म्हणजे आत रेझिस्टर (यामुळे गाडीतल्या रेडिओत खरखर येत नाही), ६ ही हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. ही लांबी चुकली तर मोठं नुकसान होतं. लांब प्लग पिस्टनवर आपटू शकतो. त्यामुळे "बसला ना, मग चालतंय" हा हिशोब इथे चालत नाही. गाडीच्या मॅन्युअलमधला किंवा प्लग कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलसमोर दिलेला नंबरच घ्या.

खरेदी

गिरगावात ऑपेरा हाऊसच्या आसपास गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सची दुकानं आहेत, जुन्या गाड्यांचा माल तिथे अजून मिळतो. तिथे "मायकोचा प्लग द्या" असं अजूनही ऐकू येतं. मायको म्हणजे बॉशचीच भारतातली कंपनी, १९५१ मध्ये सुरू झालेली. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. नाव गेलं, पण मेकॅनिकच्या तोंडातून गेलं नाही.

दुकानदार इरिडियम प्लग दाखवेल. तो वाईट नाही. त्याची खरी कमाई जास्त आयुष्यात आहे. पण कार्ब्युरेटरवाल्या जुन्या इंजिनात प्लग झिजण्याआधीच काजळीने भरतो. मी साधे निकेलचे तीन घेतले; तिन्ही मिळून एका इरिडियमपेक्षा स्वस्त. डुप्लिकेट ओळखायला छपाई बघा, मधला इलेक्ट्रोड बरोबर मध्यावर आहे का बघा आणि आट्यांवरचं वॉशर सहज निसटून येतंय का बघा. निसटत असेल तर परत करा. गाडी सीएनजीवर असेल तर लक्षात ठेवा, सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तिथे प्लग लवकर तपासावे लागतात.

बसवताना

गॅप आधी मोजा, "कंपनीतून सेट असतो" यावर विसंबू नका. माझ्या मॅन्युअलमध्ये ०.७ ते ०.८ मिमी आहे. फिलर गेज स्वस्तात मिळतो. काका पद्मिनीच्या काळात हॅकसॉ ब्लेडनेच गॅप बघायचे, ब्लेडची जाडी ०.६ मिमीच्या आसपास असते. जुळवताना फक्त बाजूचा वाकलेला इलेक्ट्रोड हलवा, मधल्याला हात लावू नका.

प्लग आधी हातानेच फिरवत पूर्ण बसवा. अडला तर जोर लावू नका, उलटा फिरवून परत सुरुवात करा. बोटांनी घट्ट झाला की पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. बस्स. हा हिशोब नव्या वॉशरच्या प्लगचा. जुनाच परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेलं असतं, जेमतेम ३० अंश पुरे.

नवे प्लग टाकूनही गाडी मिस मारत असेल तर रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बोनेट उघडा आणि हात न लावता नुसतं बघा. प्लग वायरवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायर गेली आहे. पावसाळ्यात आपल्याकडे हे फार होतं.

मी प्लगसोबत एअर फिल्टरही बदलला. सगळं मिळून हजार रुपयांच्या आत. पीयूसीवाल्याने पाइप लावला, बाबा स्क्रीनकडे न बघता रस्त्याकडे बघत उभे होते. पास. रजिस्ट्रेशनचं काम पुढच्याच आठवड्यात मार्गी लागलं. आता दर १०,००० किलोमीटरला तिन्ही प्लग काढून फोटो काढतो आणि आधीच्या फोटोंशी ताडून बघतो. दोन नंबरचा तो काळा प्लग काकांनी मागून घेतला. गल्लीतल्या दुसऱ्या एका मारुतीवाल्याला दाखवायचा आहे म्हणे.