हात हलू लागला, म्हणजे आजार गेला का?

"अंगावरून वारं गेलं होतं, आता बरी आहे," सासूबाई म्हणाल्या. समोर 32 वर्षांची सून बसली होती. बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात तिला पक्षाघात झाला होता. आज ती चालते, भाकरी थापते. पण मीठ मागायचं असेल तर तोंडातून 'साखर' निघतं, आणि दुपारपर्यंत इतकी गळून जाते की आडवं व्हावंच लागतं. त्यामुळे घरात तिला दोन नावं पडली आहेत, 'वेडसर' आणि 'आळशी'. दोन्ही खोटी आहेत.

पक्षाघात म्हाताऱ्यांनाच होतो, असं आपण समजतो. पण वाढलेला रक्तदाब, हृदयाच्या झडपांचा आजार, बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत झालेली गुठळी, तंबाखू किंवा आपल्या विदर्भातला सिकलसेल यांमुळे तो ऐन तरुणपणीही गाठतो. मग पुढची तीस-चाळीस वर्षं त्या शरीरासोबत काढायची असतात.

उजवी बाजू लुळी पडते तेव्हा इजा मेंदूच्या डाव्या भागाला झालेली असते. बहुतेकांचं भाषेचं केंद्र तिथेच असतं. अनेकदा माणसाला समजत असतं, पण नेमका शब्द सापडत नाही. थकवाही खराच असतो, कारण जखमी मेंदूला साध्या कामालाही जास्त ताकद लागते. साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं. त्यावर औषध आहे, समुपदेशन आहे.

आम्ही वॉर्डात असताना गोळ्यांची चिठ्ठी आणि व्यायामाचा कागद देऊन असे रुग्ण घरी पाठवत होतो. बोलण्याबद्दल आणि थकव्याबद्दल घरच्यांना सांगायचं राहून जायचं. ती चूक आमची होती, भोगली मात्र त्या बायकांनी. म्हणून हे आज लिहितो आहोत.

घरच्यांनी एवढं करावं

• बोलायला वेळ द्या, वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. 'हो-नाही'त उत्तर येईल असं विचारा.
• लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो.
• कपडे घालताना आधी लुळा हात, काढताना तो शेवटी.
• जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी.
• कामाचे तुकडे करा. थकण्याआधीच विश्रांती द्या.
• रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. गर्भनिरोधक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

हे उपकार नाहीत, हक्क आहेत

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हातापायांच्या अपंगत्वाबरोबर वाचा गेल्याने येणारं अपंगत्वही धरलं आहे. 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर आरक्षण आणि अनेक योजनांचा लाभ मिळतो. त्यामुळे तपासणीला जाताना फक्त हात-पाय दाखवून परत येऊ नका, बोलण्याची अडचणही सांगा. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर तेवढ्यावरून काढता येत नाही की पदावनती करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं पद द्यावं लागतं.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी. तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ अडखळली, तर वाट न पाहता 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

त्या सुनेच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. तिने पुन्हा साखर मागितली. सासूबाईंनी न बोलता मिठाची बरणी पुढे केली, आणि ती हसली.